मागे सोडलेला आवाज

गेल्या हिवाळ्यात आमच्या भाच्याचा अमेरिकेहून फोन आला. तो मिशिगन राज्यात राहतो, एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो आणि पहाटे पाचला घराबाहेर पडतो. त्याच्याकडे जुनी फोर्ड एफ-१५० पिकअप आहे. तिकडे रस्त्यांवरील बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर मीठ टाकतात. त्या मिठाने गाडीखालची सायलेन्सरची नळी गंजून फुटली होती व नवी बसवणे भाग होते. "मामा, टायटॅनियमची घेऊ का? पैसे साठवले आहेत. पण घ्यावी की नको, ते ठरत नाही," असे त्याने विचारले.

प्रथम आम्हांला हसू आले. मोटारीच्या सुट्या भागांविषयी सल्ला द्यावा असे आमच्याजवळ काय आहे? परंतु फोन ठेवल्यावर लक्षात आले, की त्याचा प्रश्न धातूविषयी नव्हताच. 'घ्यावे की नको' हा प्रश्न वरून बाजाराचा दिसतो, पण त्याच्या तळाशी पुष्कळदा नीतीचा प्रश्न असतो. आपल्या घामाच्या पैशाने आपल्याला आवडणारी वस्तू घेताना आपण दुसऱ्या कोणाचे काही देणे लागतो काय?

आधी त्या धातूला न्याय देऊ या. टायटॅनियमचा शोध १७९१ साली इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर या रसायनशास्त्राची आवड असलेल्या धर्मोपदेशकाने काळ्या वाळूच्या परीक्षणातून लावला. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही इल्मेनाइट हे त्याचे खनिज आहे. म्हणजे हा धातू दुर्मीळ म्हणून महाग नाही. प्राणवायूपासून त्याला सोडवणे अतिशय कष्टाचे व खर्चाचे असते, म्हणून तो महाग आहे. त्याची नळी जोडतानाही हवेचा स्पर्श होऊ नये म्हणून तापलेल्या सांध्याभोवती आरगॉन वायूचे आवरण ठेवावे लागते, नाहीतर सांधा ठिसूळ होतो. त्याचे गुणही तितकेच मोठे आहेत. त्याच्या पृष्ठभागावर आपोआप एक पातळ संरक्षक थर तयार होतो व मिठाचे पाणी त्याला सहसा बाधत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या बहिणीचे, म्हणजे या भाच्याच्या आईचे, खुब्याचे ऑपरेशन झाले. तिच्या मांडीच्या हाडात बसवलेला दांडा टायटॅनियमच्याच मिश्रधातूचा आहे. त्याच्या आधाराने ती आज बाजारात जाऊन येते. तेव्हा धातूला नावे ठेवण्याचे काही कारण नाही.

मग पिकअपला त्याचा उपयोग किती? टायटॅनियमची घनता सुमारे ४.५, तर पोलादाची सुमारे ७.९. पोलादी नळी व सायलेन्सर मिळून वजन २४ किलो धरले, तर त्याच जाडीचा टायटॅनियमचा संच सुमारे १४ किलोचा होईल. १० किलो वाचले! शर्यतीच्या मोटरसायकलीला ही बचत मोलाची. परंतु दोन टनांहून अधिक वजनाच्या, ओझे वाहण्यासाठीच बांधलेल्या गाडीला तिचे काय? हौद्यात विटांची एक पाटी ठेवली की ती बचत संपली. इंजिनाची ताकद नुसती मागची नळी बदलून फारशी वाढत नाही. तापल्यावर टायटॅनियमवर सोनेरी, जांभळ्या, निळ्या छटा उमटतात व त्या फार सुंदर दिसतात. पण पिकअपची नळी गाडीच्या पोटाखाली असते. तो रंग पाहायचा तर रस्त्यावर आडवे पडावे लागेल. उरला प्रश्न मिठाचा. तेथे टायटॅनियम खरोखरच श्रेष्ठ आहे. मात्र चांगल्या प्रतीचे स्टेनलेस पोलादही पुष्कळ वर्षे टिकते आणि त्याला पैसे कितीतरी कमी पडतात.

येथे कोणी म्हणेल, की उपयोग हाच काय तो निकष आहे का? मनुष्याने उत्तम वस्तूची आवड धरूच नये काय? आम्ही असे म्हणणार नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मोठ्या खर्चालाही सद्गुणांत स्थान दिले आहे आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तो विचार पुढे नेला. योग्य कार्यासाठी, शोभेल अशा रीतीने केलेला मोठा खर्च हा गुण आहे. दोष आहे तो लहान प्रसंगी डोळे दिपवण्यासाठी केलेल्या खर्चाचा. मंडळाच्या साध्या जेवणाला लग्नाचा थाट करणारा माणूस, हे ॲरिस्टॉटलचेच उदाहरण आहे. आपल्याकडचे समारंभ पाहिले, तर ते आजही जुने झालेले नाही असे दिसेल. कारागिरीवर प्रेम करणारा मनुष्य आणि लोकांनी वळून पाहावे म्हणून खर्च करणारा मनुष्य एकाच दुकानात एकच वस्तू विकत घेऊ शकतात. दोघांमधील फरक फक्त त्यांनाच ठाऊक असतो.

परंतु सायलेन्सरच्या बाबतीत प्रश्न केवळ हेतूचा राहत नाही. गाडीचे आसन, सुकाणू, रेडिओ हे सारे बसणाऱ्यासाठी असते. मागचा लाल दिवा आणि सायलेन्सर मात्र मुख्यतः बाहेरच्यांसाठी असतात. इंजिनातील झडप उघडली की दाबाखालचा तप्त वायू धक्क्याने बाहेर येतो. असे धक्के मिनिटाला हजारोंच्या संख्येने येतात आणि त्यांचाच तो गडगडाट होतो. सायलेन्सरच्या कप्प्यांतून फिरताना त्या लहरी परस्परांना मारतात किंवा आतील तंतूंच्या वेष्टनात विरतात. त्याच्या आधी बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्या वायूतील विषारी अंश कमी करतो. आपण पुढे निघून जातो आणि हे सारे मागे राहणाऱ्यांच्या पदरी पडते. म्हणून ही नळी निवडणे म्हणजे आपल्या मागे असलेल्या माणसांशी कसे वागायचे, हे निवडणे होय.

कायद्याने याची काही तजवीज केली आहे. अमेरिकेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्यास मनाई आहे. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे प्रत्येक मोटारीला सायलेन्सर हवाच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. १० डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दहापट होते आणि कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. पण कायदा फक्त इतकेच सांगतो, की यापुढे गेलात तर दंड होईल. शेजारी आजारी आहे का, हे कायदा विचारत नाही. ते आपणच विचारावयाचे असते.

आवाज ही मुळातच वाईट गोष्ट आहे, असेही नव्हे. विजेवर चालणाऱ्या गाड्या जवळजवळ निःशब्द धावू लागल्या तेव्हा अंध पादचाऱ्यांना धोका निर्माण झाला. म्हणून अमेरिकेच्या २०१० च्या कायद्याने अशा गाड्यांनी कमी वेगात मुद्दाम आवाज करावा, असे ठरवले. हा आवाज ऐकणाऱ्यासाठी आहे. देवळाची घंटाही ऐकणाऱ्यासाठीच वाजते. तेव्हा कोणत्याही आवाजाविषयी एकच प्रश्न विचारावा: हा कोणासाठी आहे?

हे आम्ही उंचावर बसून सांगत नाही. पंचविशीत आमच्याकडे एक राजदूत मोटरसायकल होती. तिच्या सायलेन्सरच्या आतील जाळीची नळी आम्ही काढून टाकली होती, कारण त्यामुळे ती 'वाजत' असे. रात्री अकराच्या सुमारास कामावरून परतताना सारी आळी तो आवाज ऐके. कोणी कधी तक्रार केली नाही आणि तक्रार नाही म्हणजे त्रासही नाही, असे आम्ही सोयीने समजलो. पुढे पुष्कळ वर्षांनी आमचे वडील अंथरुणाला खिळले. रात्री रस्त्यावरून एका मुलाची मोटरसायकल तसाच आवाज करीत जाई आणि वडिलांचा हात दचकून पलंगाच्या कडेला धरी. तो गेल्यावर तासभर त्यांना झोप लागत नसे. एका रात्री त्यांच्या उशाशी बसलो असता एकदम आठवले, की आमच्या तरुणपणी समोरच्या घरात शेजाऱ्याची आई दोन वर्षे अशीच पडून होती.

वडील गेल्यानंतर आम्ही त्या शेजाऱ्याकडे गेलो आणि त्या काळाबद्दल क्षमा मागितली. तो जरा थांबून म्हणाला, "आई जागी व्हायची खरी. पण दर वेळी विचारायची, पोरगा घरी पोचला का रे?" या उत्तराने आमचे ओझे हलके झाले नाही. जिची झोप आम्ही रोज मोडली, ती आमची काळजी वाहत होती. आणि ती तिथे आहे, हेच आमच्या ध्यानी नव्हते.

आठवड्याने आम्ही भाच्याला फोन केला. घेऊ नकोस, असे सांगितले नाही. पैसे त्याचे, गाडी त्याची. टायटॅनियमचा सायलेन्सरही शांत असू शकतो आणि साध्या लोखंडाचाही कर्कश. एवढेच विचारले, "तुझ्या घराच्या मागे कोण राहते?" त्याने सांगितले, "एक परिचारिका. रात्रपाळी करते, दिवसा झोपते. आणि पलीकडे एक म्हातारे जोडपे." मग आम्ही म्हटले, "तुला हवी तशी नळी कोणाच्या गाडीला असेल, तर ती गाडी पहाटे आपल्या गल्लीतून न्यायला सांग. तू मात्र आत बसू नकोस. त्या म्हाताऱ्यांच्या कुंपणापाशी उभा राहून ऐक."

त्याने तसे केले. त्याच्या मित्राच्या पिकअपला तोच संच होता. पुढे त्याने स्टेनलेसची नळी आणि मूळच्यासारखाच मोठा, शांत सायलेन्सर बसवला व तसे आम्हांला कळवले. कारण विचारले तेव्हा म्हणाला, "मामा, गाडीत बसून तो आवाज फार छान वाटत होता. मागे उभा राहिलो, तेव्हा नाही वाटला."