काळवंडलेली पानं

आमच्या गावच्या वाचनालयात शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ची एक जुनी प्रत आहे. पुस्तक मिटून कडेनं बघितलं की लोक कुठं रेंगाळलेत ते कळतं. शेवटची पन्नास-साठ पानं हाताच्या मळानं काळवंडलेली, मधली बरीचशी तशीच पांढरी. आमच्या निमगाव साव्यातून शिवनेरीची ज्योत आणायला पोरं धावतात. तुळापूर-वढूही सकाळी निघून संध्याकाळी परतण्याजोगं. संभाजीराजांचा शेवट इथं कुणाला पुस्तकातून कळायचा नसतो. तरी वाचला जातो तोच.

लक्ष्मण उतेकरांचा ‘छावा’ फेब्रुवारी २०२५ मध्ये आला आणि तोही नेमका त्याच पानांवर जाऊन थांबला. थेटरात माणसं हमसून रडत होती. मीही रडलो. पण संभाजीराजांच्या गोष्टीतला अंधार एवढाच का, हे घरी आल्यावर डोक्यातून जाईना.

कारण या गोष्टीतला अंधार सारखी जागा बदलत आलाय. राजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिलेल्या चिटणीस बखरीत तो राजांच्या स्वभावातच होता. गडकऱ्यांचं अपुरं राहिलेलं ‘राजसंन्यास’ आणि ‘थोरातांची कमळा’ हा सिनेमा, दोन्ही त्याच वाटेनं गेले. मग वा. सी. बेंद्रे कागदपत्रं उपसत बसले, बरीच वर्षं, आणि १९६० साली त्यांचं चरित्र आलं. व्यसनी, उनाड राजपुत्र कागदांत सापडेना. अंधार स्वभावातून निघून घरात शिरला: सावत्र आई, कारभारी, वारशाचा संशय.

सावंतांची कादंबरी १९७९ची, याच वळणानंतरची. तिचं बळ मला छळाच्या वर्णनात वाटत नाही. डिसेंबर १६७८ मध्ये युवराज संभाजीराजे मुघल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले. पुढच्या वर्षी भूपाळगड पडला, आणि गडावरच्या सातशे माणसांचा एकेक हात तोडला गेला. आपण ज्या बाजूला उभे आहोत तिथूनच आपल्या माणसांवरचं हे बघणं, आणि मग पन्हाळ्यावर बापासमोर जाणं. साखळदंडाचा त्रास सोसताना निदान शत्रू कोण ते माहीत असतं. इथं तेही नाही.

सिनेमा सुरू होतो बुऱ्हाणपूरच्या स्वारीपासून, म्हणजे १६८१ पासून. दिलेरखान मागेच राहिला. दिग्दर्शकाला दोष देणं सोपं आहे, पण कादंबरीतले राजे ज्याच्या त्याच्या मनातले असतात. पडद्यावर त्यांना एकच चेहरा मिळतो आणि तो सगळ्यांचा होतो. ट्रेलरमध्ये राजे लेझीम खेळताना दिसले एवढ्यावरून गदारोळ झाला, प्रसंग कापावा लागला. लेझीम जिथं चालत नाही तिथं दिलेरखानाची छावणी कोण दाखवणार? आमच्या नारायणगावच्या अमोल कोल्ह्यांची संभाजीराजांवरची मालिका २०१७ ते २०२० अशी चालली. तिच्याकडे निदान वेळ होता. अडीच-पावणेतीन तासांत माणूस रडवता येतो, घोटाळ्यात टाकणं अवघड.

सिनेमानंतर वाचनालयातली प्रत महिनाभर जागेवर नव्हती. बारावीतल्या एका पोरानं ती परत आणली तेव्हा मी तिथंच पेपर चाळत होतो. पुस्तक टेबलावर ठेवलं, पण हात काही काढला नाही.

“काका, राजं खरंच गेलं होतं दिलेरखानाकडं?”

“गेले होते.”

“मंग पिच्चरमधी का नाय?”

मी त्याला खुर्ची ओढून दिली.