टाळ आणि सातबारा

जमीन गेलेल्या माणसानं सुखात राहणं म्हणजे हार मानणं का? नवी मुंबईसाठी आमच्या ओव्यातली भातशेती गेली. 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, पुढं साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली. तरणी पोरं म्हणतात, तुम्ही म्हातारे टाळ कुटत सगळं विसरलात. मला नाय पटत. देवळाच्या ओट्यावर आम्ही चौघं बसतो. भजन होतं, कुणी पनवेलहून आणलेलं पुस्तक मोठ्यानं वाचतो (चष्मा एकच, तो फिरतो). मग चहा. अन् चहाला हमखास शेतांची नावं निघतात, बांध कुठं होता, पाणी कुठून यायचं. एकट्यानं घरात बसून ती आठवत नाहीत. परवा एक पोरगा वही घेऊन आला.