घेणाऱ्याने काय द्यावे?

गेल्या आषाढीच्या वारीत माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडच्या मुक्कामी आली, त्या संध्याकाळची गोष्ट. आमच्या दिंडीतील एका टाळकऱ्याची कन्या बापाला भेटावयास आली होती. पुण्यास समाजकार्याचे शिक्षण घेते. आम्ही पायांना तेल चोळीत बसलो होतो. बाप पाणी आणावयास गेलेला पाहून ती हळूच म्हणाली, "काका, एक विचारू? चांगल्या कामात हातून पाप घडतं का हो?"

प्रश्न ऐकून आमचा हात थांबला. कीर्तनात असले प्रश्न आम्हीच घालतो आणि आम्हीच सोडवितो. समोरून आला म्हणजे पंचाईत होते.

हल्ली विद्यार्थ्यांना एखाद्या संस्थेत दोन-तीन महिने प्रत्यक्ष काम करावे लागते. त्यास इंटर्नशिप म्हणतात. सुताराचे पोर बापाच्या हाताखाली रंधा मारावयास शिकते, तशातलाच प्रकार. समाजकार्याचे रीतसर शिक्षण आपल्या देशात १९३६ साली मुंबईत सुरू झाले. त्या शिक्षणात वर्गाइतकेच वस्तीतल्या कामाला महत्त्व आहे, आणि ते योग्यच आहे. ही मुलगी एका फार मोठ्या धर्मादाय संस्थेत गेली होती. संस्थेचे नाव आम्ही लिहीत नाही. संस्था वाईट नाही, पुष्कळ गरिबांची चूल तिच्यामुळे पेटते.

पहिले काही दिवस तिने नुसत्या याद्या उतरविल्या. मग तिच्याकडे 'यशोगाथा' लिहिण्याचे काम आले. त्याचा छापील कागद असतो म्हणे: आधीची स्थिती, मिळालेली मदत, नंतरची स्थिती आणि शेवटी लाभार्थीचे मनोगत. सोबत फोटो. वस्तीतील एका विधवा बाईला शिलाईमशीन दिले होते, तिच्याकडे ही गेली. बाईने चहा केला, मशीन चालवून दाखविले. फोटो म्हणताच पदर ओढून बसली. म्हणाली, "लेक नुकतीच दिलीया. तिच्या सासरी हा फोटो गेला तर काय म्हणतील, आई भिकेवर जगती?" पोरीने बरेच समजाविले. शेवटी बाईने विचारले, "फोटो न्हाई काढला तर मशीन परत नेणार का गं?"

"काका, मला नाही म्हणता आलं नाही. नेतात की नाही, मलाच ठाऊक नव्हतं."

तिने वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, कागद पुरे झाले नाहीत तर देणगीदार कंपनीचा पुढचा हप्ता अडेल, चाळीस बायकांची मशिनी अडतील. पोरीने फोटो काढला. मनोगत विचारले तर बाई एवढेच म्हणाली, "बरं चाललंय." तेवढ्याने रकाना भरेना. मग हिने स्वतःच दोन वाक्ये रचली: संस्थेने मला नवा जन्म दिला, हे सांगताना डोळे भरून येतात, अशा अर्थाची. वरिष्ठ खूष झाले. गाथा वार्षिक पुस्तिकेत पहिल्या पानावर छापली आणि हिला उत्तम शेरा मिळाला.

आता कोणी म्हणेल, एवढ्यात बिघडले काय? बाईचे मशीन तर चालू आहे ना? आणि ज्याने पैसा दिला त्यास तो कोठे गेला हे कळावयास नको काय? हा पूर्वपक्ष दुबळा नाही. धर्मादायाच्या पैशाला पाय फुटतात, हे आम्हां वारकऱ्यांस कोणी शिकवावयास नको. देवस्थानांचे आणि न्यासांचे हिशेब तपासले जावेत म्हणूनच १९५० साली आपल्याकडे सार्वजनिक न्यासांचा कायदा झाला. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्चण्याचे बंधन घातले. २०२१ पासून मोठ्या कामांचा परिणाम मोजून घेण्याचाही नियम आला. पैसा मोठा झाला, तसा कागदही मोठा झाला. यात अधर्म काहीच नाही.

पण हिशेब कशाचा? आमचे म्हणणे येथे आहे. मशिनीचा हिशेब द्यावा. त्यावर क्रमांक असतो, पावतीवर बाईची सही किंवा अंगठा असतो, तपासनीस जाऊन डोळ्यांनी पाहू शकतो. दात्याचा हक्क येथवर. बाईचे तोंड, तिचे वैधव्य, तिच्या डोळ्यांतील पाणी ही काही त्या दोन टक्क्यांत विकत घेतलेली वस्तू नव्हे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि ज्ञानोबारायांनी त्यांचा विस्तार केला आहे, हे नित्य पारायण करणाऱ्यांस सांगणे नको. सात्त्विक दानाची एक खूण अशी की, ते परतफेड करू न शकणाऱ्याला द्यावे. आम्ही इतकी वर्षे याचा अर्थ 'गरिबाला द्यावे' एवढाच सांगत आलो. पोरीची हकीकत ऐकली आणि आमच्याच अर्थाची आम्हांस शंका आली. कारण गरिबालाही परतफेड करावयास लावता येते! त्याच्याजवळ पैसा नाही, पण तोंड आहे. आभार आहेत. ते मागून घेतले की व्यवहार पुरा झाला, दान कोठे उरले? आणि घेणाऱ्याचा मान न राखता, त्यास हलके लेखून दिलेले दान तर त्याच अध्यायात तामसात घातले आहे. दिलेली वस्तू कितीही चांगली असो.

तुकोबारायांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रात सांगतात. कित्येक घरांचे ऋण त्या दिवशी फिटले असेल. पण त्या ऋणकोंपैकी एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही. कागदाबरोबर नावेही पाण्यात गेली. हे आम्ही शेकडो वेळा सांगितले असेल, पण नावांकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते.

असो. पोरीला आम्ही म्हणालो, "फोटो काढलास, तेव्हा चाळीस बायका तुझ्या डोळ्यांपुढे होत्या. त्याचा दोष सगळा तुझ्या माथी मारता येत नाही. पण तिच्या तोंडी वाक्य घातलंस, ते तर तुझ्याच लेखणीनं ना?" ती काही बोलली नाही. बाप पाण्याची कळशी घेऊन आला, तेव्हा डोळे पुसून त्याच्याशी हसून बोलू लागली.

दुसऱ्या दिवशी द्वादशीची पंगत. येथे आम्हांस आमचे लिहिणे भाग आहे. पत्रावळी मांडल्या होत्या, वारकरी बसले होते आणि अन्नदात्याचे जावई अजून यावयाचे होते. त्यांच्या हस्ते पहिली बुंदी वाढावयाची, मागे नावाचा मोठा फलक, समोर फोटोवाला. हे सर्व ठरविले कोणी? आम्हीच. उपाशी माणसे पाऊण तास बसली आणि आम्ही त्यांस नामस्मरण करावयास सांगितले. वास्तविक आपल्या संप्रदायाची रीत उलटी आहे. वाढणारा जेवणाऱ्याच्या पाया पडतो, जेवणारा माउली असतो. ती पोरगी खांबाशी उभी राहून आमच्याकडे पाहत होती. बोलली नाही हे तिचे थोरपण, दुसरे काय!

श्रावणात ती पुस्तिका घेऊन त्या बाईकडे गेली आणि तिच्या नावावर छापलेले मनोगत तिला वाचून दाखविले. बाईने दोनदा वाचावयास लावले. मग म्हणाली, "छान लिवलंय. पण मी रडले नव्हते." आणि थोड्या वेळाने, "माझं नाव काढता येतंय का बघ." पोरीने संस्थेला पत्र लिहिले, त्यात वाक्ये आपण रचली हेही लिहिले. संस्थेने उत्तम शेरा परत घेतला नाही. पुढील छपाईत नाव आणि फोटो गाळू असे कळविले, आणि वाक्याविषयी काहीच कळविले नाही.

आम्ही दिंडीच्या बैठकीत फलकाचा विषय काढला. अन्नदात्यांची नावे हिशेबवहीत नीट लिहावीत, वही कोणालाही पाहू द्यावी, पण पंगतीत फलक, फोटो आणि हार नकोत, असे आमचे म्हणणे. तिघे दाते लगेच कबूल झाले. एक जण म्हणाले, बरे झाले, जावयाला सुट्टी काढावी लागत होती. चौथे मात्र रागावून उठून गेले. दर वर्षी साखरेची पोती तेच देतात. यंदा देतील की नाही, ते ज्येष्ठ वद्य अष्टमीपर्यंत कळेल.