अधीनता, शेजारी आणि वाचनाची जागा

पौलाने रोम येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातील पहिली सात वचने ही पाश्चात्त्य राजकीय विचाराच्या इतिहासात सर्वाधिक राबविल्या गेलेल्या संहितांपैकी एक होय. सत्ता ईश्वराने नेमलेली असते, म्हणून प्रत्येकाने तिच्या अधीन राहावे, ज्याचा कर त्याला द्यावा, ज्याचा मान त्याला द्यावा, असा त्यांचा स्थूल आशय. इसवी सनाच्या सहाव्या दशकात हे पत्र लिहिले गेले तेव्हा नीरो सत्तेवर होता, आणि पत्राचा वाचक हा साम्राज्याच्या राजधानीतील एक नगण्य, सत्ताहीन समूह होता. चौथ्या शतकात, कॉन्स्टंटाइननंतर, ख्रिस्ती समाज स्वतःच सत्तेच्या बाजूला गेला आणि तीच वचने राजाची सनद म्हणून वाचली जाऊ लागली. संहितेतील शब्द तेच होते. बदलली होती ती वाचकाची जागा. अर्थ संहितेत अंतर्भूत असतो की वाचनाच्या स्थितीतून सिद्ध होतो, हा साहित्यसमीक्षेतील परिचित वाद येथे केवळ तात्त्विक राहत नाही. त्यावर माणसांचे जगणे-मरणे अवलंबून राहिलेले आहे.

ख्रिस्ती श्रद्धेने आणि ईश्वरविज्ञानाने राजकीय मते कशी घडवावीत, या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले निगामी स्वरूपाचे: पवित्र शास्त्रात तत्त्वे आहेत, त्यांपासून धोरणे निष्पन्न करावीत. दुसरे विभाजनाचे: श्रद्धेने आत्म्याचे पाहावे, राज्याने व्यवहाराचे, दोहोंनी एकमेकांच्या हद्दीत शिरू नये. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या उत्तरांत एक गृहीतक समान आहे. दोन्ही वाचकाला निश्चिती देऊ करतात, आणि ज्याच्यावर राजकीय निर्णयाचा आघात होणार असतो तो माणूस दोहोंतही वाचनाच्या बाहेर उभा असतो. जर्मनीतील प्रोटेस्टंट मंडळीचा १९३३ ते १९४५ या काळातील अनुभव या गृहीतकाची परीक्षा म्हणून तपासण्याजोगा आहे.

लूथरच्या 'दोन राज्यां'च्या सिद्धान्ताचा हेतू सत्तेला मोकाट सोडण्याचा नव्हता. धर्मपीठाच्या हाती तलवार असू नये आणि राजाने श्रद्धेवर हुकूम चालवू नये, अशी ती दुहेरी मर्यादा होती. प्रदीर्घ राजाश्रयात तिचा दुसरा पदर झिजला आणि आज्ञापालन हाच सद्गुण होऊन बसला. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यू वंशाच्या व्यक्तींना सरकारी सेवेतून दूर करण्यास प्रारंभ झाला. जुलैमधील मंडळीच्या निवडणुकांत 'जर्मन ख्रिस्ती' हा नाझीधार्जिणा गट मोठ्या बहुमताने निवडून आला. सप्टेंबरात प्रशियातील महासभेने वंशाची तीच अट धर्मसेवकांनाही लागू केली. नोव्हेंबरात बर्लिनमधील जंगी सभेत जुना करार टाकून द्यावा, अशी मागणी उघडपणे झाली. या गटाचे ईश्वरविज्ञान अडाण्यांचे होते असे मात्र समजू नये. राष्ट्र, वंश, इतिहासातील निर्णायक क्षण यांतूनही ईश्वर बोलतो, असे प्रतिपादणारे विद्यापीठीय पंडित त्याच्या पाठीशी होते. त्यांपैकी इमानुएल हिर्श हा तर किर्केगार्दचा मान्यवर अभ्यासक आणि अनुवादक. सूक्ष्म वाचनाची सवय माणसाला नैतिकदृष्ट्या सावध करतेच, या समीक्षकांच्या आवडत्या समजुतीला हे उदाहरण फारसे सोयीचे नाही.

मे १९३४ च्या अखेरीस बार्मेन येथे लूथरीय, सुधारित आणि संयुक्त अशा तिन्ही परंपरांतील १३९ प्रतिनिधी जमले व त्यांनी सहा कलमांचा एक जाहीरनामा संमत केला. त्याचा मुख्य कर्ता कार्ल बार्त. या जाहीरनाम्याची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. प्रत्येक कलमाच्या आरंभी शास्त्रवचन, त्यानंतर एक स्वीकार आणि शेवटी एक नकार, असा तिचा त्रिपदी बंध आहे. यांतील नकाराचे पद सर्वांत महत्त्वाचे, कारण केवळ स्वीकाराची वाक्ये 'जर्मन ख्रिस्ती' गटालाही म्हणता आली असती. ख्रिस्ताखेरीज अन्य कोणतीही घटना, शक्ती वा व्यक्ती हे प्रकटीकरणाचे उगमस्थान नव्हे, हे पहिले कलम. राज्याने न्याय आणि शांतता राखावी, पण मानवी जीवनाची एकमेव आणि सर्वव्यापी व्यवस्था होण्याचा हक्क त्याला नाही, हे पाचवे. या पाचव्या कलमाच्या माथ्यावर रोमकरांस पत्रातील वचन असेल अशी कोणाचीही अपेक्षा होईल. बार्मेनने तेथे पेत्राच्या पहिल्या पत्रातील वचन ठेवले. त्यात भय ईश्वराचे आहे आणि राजाला मान आहे. दोन क्रियापदे, दोन कर्मे. सर्व सत्तेचे मूळ ईश्वरात आहे असे सांगणाऱ्या वचनाऐवजी सत्तेच्या वाट्याला नेमके काय येते आणि काय येत नाही, हे सांगणारे वचन निवडणे ही एक वाचनकृती होती, आणि तिच्यात धोका होता. हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ घेण्याचे नाकारल्यामुळे बार्तला पुढील वर्षभरात बॉनचे अध्यापकपद सोडून बाझेलला परतावे लागले.

आणि तरीही या सहा कलमांत 'ज्यू' हा शब्द कोठेही येत नाही.

ही केवळ अनवधानाची चूक म्हणून सोडून देता येणार नाही. बार्मेनचा प्रश्न होता: मंडळी कोणाचे ऐकेल? त्या प्रश्नाचे उत्तर त्याने निःसंदिग्धपणे दिले. मंडळी कोणासाठी बोलेल, हा प्रश्न त्याने विचारलाच नाही. श्रद्धेने येथे राजकीय भूमिका घडविली खरी, पण ती श्रद्धेच्या स्वतःच्या स्वातंत्र्यापुरती. अशी भूमिका कोठवर पुरते हे १९३८ मध्ये दिसले. धर्मसेवकांनी हिटलरशी निष्ठेची शपथ घ्यावी असा आदेश मंडळीच्या प्रशासनाने काढला, तेव्हा बार्मेनचा वारसा सांगणाऱ्या धर्मसेवकांपैकीही बहुसंख्यांनी ती घेतली. पुढे पक्षाच्या वतीने बोरमनने कळविले की या शपथेला पक्षाच्या लेखी काहीच महत्त्व नाही! इतक्या स्वस्तात विकला गेलेला विवेक इतिहासात क्वचितच आढळेल. बार्तने स्वतः १९६७ मध्ये एबरहार्ड बेट्गे यांना लिहिलेल्या पत्रात ज्यूंचा प्रश्न आपण १९३४ मध्ये निर्णायक मानला नाही, याबद्दलची दीर्घकाळची अपराधी भावना नमूद केली आहे. तसा मसुदा तेव्हाच्या प्रतिनिधींना मान्य झाला नसता, हे तो सांगतो. त्याने आपली सुटका होत नाही, हेही सांगतो.

दीट्रिश बोनहोफर बार्मेनला उपस्थित नव्हता. तो त्या वेळी लंडनमध्ये धर्मसेवक होता. पण त्याने एप्रिल १९३३ मध्येच, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ज्यूंच्या प्रश्नावर निबंध लिहिला होता. राज्यासमोर मंडळीला तीन मार्ग आहेत, असे त्यात तो मांडतो: राज्याला त्याच्या कृत्यांच्या न्याय्यतेचा जाब विचारणे; राज्याच्या कृत्यांना बळी पडलेल्यांची सेवा करणे, मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत; आणि अखेरीस, चाकाखाली सापडलेल्यांना केवळ मलमपट्टी न करता चाकालाच खीळ घालणे. हा निबंध निर्दोष नाही. क्रूसाच्या घटनेमुळे ज्यू लोकांवर शाप आहे, ही जुनी धारणा त्यात शिल्लक आहे, आणि राज्याच्या कायद्यात मंडळीने थेट ढवळाढवळ करू नये, अशी लूथरीय चौकटही. या चौकटीतच राहून तो 'ते ख्रिस्ती असोत वा नसोत' या शब्दांपर्यंत पोहोचतो, आणि तेथे चौकटीला तडा जातो. शेजारी कोण, या प्रश्नाला लूककृत शुभवर्तमानातील शोमरोन्याच्या दाखल्यात जे उत्तर मिळते, त्यात शेजाऱ्याची व्याख्या नाही. वाटेत पडलेला माणूस आहे. व्याख्या विचारणाऱ्या शास्त्र्याची जागाच तेथे बदलली जाते. बोनहोफरच्या निबंधाला या दाखल्याचे व्याकरण लाभले आहे, जे बार्मेनला लाभले नव्हते.

पुढच्या वर्षी त्याने भारतात येऊन गांधींच्या सहवासात राहण्याचा बेत केला. गांधींनी १ नोव्हेंबर १९३४ च्या पत्राने त्याचे स्वागतही केले. तो आला नाही. फिंकनवाल्डे येथील गुप्तप्राय धर्मविद्यालय चालविण्यासाठी त्याला परत बोलावले गेले. अहिंसेच्या शोधात निघालेला हा मनुष्य पुढे हिटलरच्या हत्येच्या कटाशी संबंधित झाला, ५ एप्रिल १९४३ रोजी पकडला गेला आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्ग येथे फाशी गेला. त्याने या कृतीचे समर्थन कसे केले, यापेक्षा कसे केले नाही हे येथे महत्त्वाचे आहे. ईश्वराने आपल्याला हत्येची अनुज्ञा दिली, असे तो म्हणत नाही. हत्या हे पाप आहे. दुसऱ्यासाठी जबाबदार माणूस काही प्रसंगी अपराध स्वतःच्या माथी घेतो आणि न्यायासाठी ईश्वरापुढे उभा राहतो. स्वतःच्या हातांची शुद्धता जपणारा मात्र दुसऱ्याच्या मरणाची किंमत देऊन ती जपत असतो, असा त्याच्या 'नीतिशास्त्रा'तील विचाराचा रोख आहे. निश्चितीचा मोह येथे दोन्ही बाजूंनी संपतो.

बार्मेनमधील उणीव पुढे एका दुसऱ्या संहितेने भरून काढली, आणि तीही बार्मेनच्याच बंधात. दक्षिण आफ्रिकेत वंशभेदाला डच सुधारित मंडळीने शास्त्राधार दिलेला होता. तिच्या १९७४ च्या अहवालात बाबेलच्या मनोऱ्याच्या कथेचाही त्यासाठी उपयोग केलेला आहे. गौरेतरांसाठी वेगळ्या काढलेल्या मंडळीने १९८२ मध्ये बेलहार येथे मसुदा केला व १९८६ मध्ये तो स्वीकारला. त्यातही स्वीकार आणि नकार आहेत. परंतु ईश्वर विशेषत्वाने पीडितांचा व दरिद्र्यांचा ईश्वर आहे आणि मंडळीने तो जेथे उभा आहे तेथे उभे राहावे, असे त्यात म्हटले आहे. उभे राहण्याची जागा हा येथे श्रद्धेचा आशयच झाला आहे. रोमकरांस पत्र तेथून वाचणाऱ्याला सत्ता ही प्रथमतः न्यायाच्या कर्तव्याने बांधलेली दिसते. सिंहासनावरून वाचणाऱ्याला ती तशी क्वचितच दिसली आहे.

मराठी ख्रिस्ती समाजापुढे हा प्रश्न अधिक अवघड रूपात उभा होता, कारण वसाहतकाळात राज्यकर्ता आणि धर्मबंधू एकच होता. पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे आठवते. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर तेथील अँग्लिकन भगिनींशी त्यांचा जो वाद झाला तो अधिकार आणि विवेक यांविषयीचाच होता. १८९७ च्या प्लेगच्या साथीत पुण्यातील सरकारी व्यवस्थेत स्त्रियांचे जे हाल होत होते त्यांविरुद्ध त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रातून जाहीर तक्रार केली. साम्राज्य उलथून टाकण्याचा कार्यक्रम त्यांच्यापाशी नव्हता. कोणत्या स्त्रीवर काय गुदरले, एवढेच त्यांना सांगायचे होते, आणि सत्तेला तेच झोंबले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकमधून बायबल सुबोध मराठीत आणण्यात घालविली. अधीनतेची ती सात वचनेही त्या कामात आलीच.

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो. पीडिताच्या जागेवरून वाचतो, असा दावा कोणीही करू शकेल. तो केला गेलाही आहे: अमेरिकेत बोनहोफरचे नाव परस्परविरोधी पक्षांनी आपापल्या शत्रूला हिटलर ठरविण्यासाठी वापरले, आणि २०२४ मध्ये त्याच्या भावंडांच्या वंशजांना या गैरवापराविरुद्ध जाहीर निवेदन काढावे लागले. आक्षेप खोटा नाही. मात्र असा दावा तपासण्याची एक खूण बोनहोफरच्या वाचनातच सापडते: किंमत कोण मोजतो आणि निर्दोषत्व कोण मागतो? शेजाऱ्याच्या नावाने बोलणारा स्वतःच्या समूहाचे गाऱ्हाणे मांडत असेल, किंवा आपल्या हिंसेला ईश्वराची मुद्रा लावत असेल, तर तो हिर्शच्या अधिक जवळ असतो. ही खूण गणिती नाही; ती आधी लावता येत नाही, बहुधा मागाहूनच दिसते. केवळ मानवतावादानेही हेच साधले नसते काय, असे विचारता येईल. कदाचित साधले असते. पण मानवतावाद्याला अपराध माथी घेऊन कोणापुढे उभे राहायचे नसते. श्रद्धावंताला ते असते, आणि त्याचे राजकारण तेवढ्यापुरते वेगळे, अधिक बिचकत चालणारे असते.

बोनहोफरच्या अटकेच्या दिवशी 'नीतिशास्त्रा'ची हस्तलिखिते अपुरीच होती. बेट्गे यांनी ती १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. प्रकरणांचा क्रम लेखकाच्या मनात कोणता होता, हे संपादकांना अनुमानानेच ठरवावे लागले, आणि पुढील आवृत्त्यांत तो क्रम पुन्हा बदलला.