खोकं आणि आत्मा

आमच्या साताऱ्याच्या घरी एक संगणक होता. ‘होता’ म्हणावं की ‘आहे’, यावरच सध्या घरात वाद आहे.

झालं काय, सांगलीच्या चिरंजीवांनी त्याचा मदरबोर्ड, प्रोसेसर, डिस्क काढून एका आडव्या लोखंडी पेटीत बसवली आणि ती आपल्या हपिसातल्या रॅकमध्ये सरकवली. रॅकचा कायदा कडक! रुंदी सर्वांना १९ इंच. उंची ‘यू’मध्ये, एक यू म्हणजे पावणेदोन इंच. आमच्या वाट्याला दोन यू, म्हणजे साडेतीन इंच आले. प्रोसेसरवरचा सहा इंची पंखा मावेना, म्हणून तो काढून बुटका बसवला. रिकामं खोकं साताऱ्यातच राहिलं.

“संगणक इथंच आहे,” सौ. म्हणाली. “खंडेनवमीचं कुंकू अजून आहे त्याच्यावर.”

“आई, फोटो, हिशेब सगळं इकडं आलंय. संगणक म्हणजे तेच ना?”

मला दोघांचंही पटलं. (नवऱ्याला आणि बापाला दुसरा इलाज नसतो.) माहुलीवरून गेलेली कृष्णाच सांगलीच्या घाटाला लागते, पाणी रोज नवं असलं तरी. पण तिला वळणं असतात, रॅकला नसतात.

परवा चिरंजीवांचा फोन आला, “बाबा, तुम्हीही आता इकडंच या. फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी आहे.”

मी परसातून दिसणाऱ्या अजिंक्यताऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “येतो रे. पण माझ्यातलं काय मावणार नाही, तेवढं आधी सांग.”