डॉल्फिन पाहण्याचा अदब

दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला निघालेल्या एका कुटुंबाने जुम्याच्या नमाजनंतर विचारले, "मौलाना, होडीतून डॉल्फिन पाहायला जाण्यात काही गैर आहे का?" नाशिक रोडहून समुद्र दूर, पण प्रश्न घरचाच वाटला. पाहण्यात गैर नाही. अल्लाहच्या निर्मितीवर चिंतन करण्याचे आवाहन कुरआन वारंवार करतो. गैर असते ते पाठलागात.

डॉल्फिनला श्वासासाठी पुन्हा पुन्हा पाण्यावर यावेच लागते आणि नेमक्या त्याच क्षणी होड्या त्याला घेरतात. तो आवाजाच्या आधारे भक्ष्य शोधतो; इंजिनांचा गोंगाट त्यात व्यत्यय आणतो. सूरह अल-अनआम (६:३८) प्राणी-पक्ष्यांना आपल्यासारख्याच 'उम्मती' म्हणते. सुनन अबू दाऊदमधील प्रसंग आठवावा. प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची पिले उचलली. ती व्याकूळ होऊन फडफडू लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) पिले परत करण्यास सांगितले. तिच्या अंगाला तर कोणी हातही लावला नव्हता!

नावाडी पाठलाग करतो तो बहुधा आपल्याच आग्रहाखातर. 'अजून जवळ न्या' म्हणणारा प्रवासी त्या त्रासात भागीदार ठरतो. म्हणून भाडे ठरवतानाच सांगावे: अंतर राखा, वाट अडवू नका, तिथे आधीच होड्या असतील तर आपण लांब थांबू. पाण्यात उतरणाऱ्यांनी प्रवाळावर पाय टेकू नये. दगड भासला तरी तो जिवंत असतो. आणि डॉल्फिन दिसला नाही, तरी ठरलेले भाडे पूर्ण द्यावे. करार होडीचा झाला होता.