दोन सड वासराचे



मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी दत्तजन्म होतो, पाळणा म्हटला जातो, सुंठवडा वाटला जातो आणि मग तीर्थप्रसादाला रांग लागते. अलीकडे या रांगेत एक नवीन अडचण दिसू लागली आहे. पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून सुट्टीला आलेला नातू तीर्थाला हात पुढे करत नाही. ‘आजी, यात दूध आहे. मी घेत नाही.’ आजीला वाटतं, पोरगं शिकलं आणि देव विसरलं. नातवाला वाटतं, मी कुणाचं वाईट करत नाही, तरी सगळे माझ्याकडे असे का बघतात? पंचामृत, खीर, तुपातला शिरा, पेढा यातलं काहीच त्याला चालत नाही. मांसाहार तर त्याने सोडलेलाच असतो, वर दूध, दही, तूप आणि मधसुद्धा. याला तो ‘व्हीगन’ म्हणतो. हा शब्द इंग्लंडात 1944 साली काही मंडळींनी काढला. म्हणजे नाव आपल्या डालड्याहूनही नवं आहे.

डालड्याची आठवण मुद्दाम काढली. हे वनस्पती तूप आपल्याकडे 1937 पासून आलं आणि किती पंगतींचा शिरा त्यात झाला, याची मोजदाद नाही. तूप परवडत नव्हतं म्हणून डालडा आला. तेव्हा ‘हा नैवेद्य देवाला पोचतो का’ असं कुणी विचारलं नाही. स्वस्ताईसाठी तूप सोडलं तर चालतं आणि जिवाची दया येऊन सोडलं तर चालत नाही, हे काही पटत नाही. आणि ज्या सुंठवड्याने दत्तजन्म साजरा होतो, त्यात तरी दुधाचा थेंब कुठे असतो? सुंठ, खोबरं, खारीक, साखर. नातवाच्या हातावर आधी तोच ठेवावा.

पण एवढ्यावर प्रश्न सुटत नाही. दुधातुपावाचूनचा नैवेद्य महाराजांना चालेल का, हा सोपा भाग झाला. अवघड भाग पुढेच आहे. ज्या देवाच्या पाठीशी गाय उभी आहे, त्याच्यापुढे दूध ठेवताना आपण त्या गाईचं काही देणं लागतो का? दत्ताच्या तसबिरीत गाय असते, पायाशी चार श्वान असतात. गाय म्हणजे पृथ्वी, श्वान म्हणजे चार वेद, असं आपण लहानपणापासून ऐकतो. बहुतेक तसबिरींत एक मात्र दिसत नाही, ते म्हणजे वासरू. आणि वासराशिवाय गाय दूध देत नाही.

जुन्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. दोन सड पिळायचे, दोन वासराला सोडायचे, हा शेतकऱ्याच्या गोठ्यातला रिवाज होता. तो सगळीकडे पाळला जाई असं मी म्हणणार नाही. गरिबी होती, कढीला ताक पुरत नव्हतं. पण रिवाज होता, म्हणजे मोडणाऱ्याला निदान आपण मोडतोय हे कळत होतं. आज पिशवीतलं दूध घेताना आपल्याला काहीच कळत नाही. गोऱ्ह्याला आता काम उरलं नाही, नांगरट ट्रॅक्टरने होते. राज्यात मार्च 2015 पासून बैल आणि वळू कापायला बंदी आहे. ती असावी की नसावी हा या लेखाचा विषय नाही. पण ज्याला विकता येत नाही आणि पोसणं परवडत नाही, तो गोऱ्हा रस्त्यावर येतो आणि रात्री दुसऱ्याच्या तुरीत शिरतो, हे आपल्या जिल्ह्यातल्या कुणाला सांगायला नको. म्हशीच्या जातीला ही बंदी लागू नाही, त्यामुळे हल्या कुठे जातो हेही सगळ्यांना माहीत आहे. (ज्याच्या तोंडून वेद वदले, तो रेडाही याच मराठवाड्यातला, पैठणचा.) आता तर कालवड किंवा वगारच जन्मावी, नर जन्मूच नये, अशी रेतनाची सोय सरकारी योजनेतून मिळते. शेतकऱ्याचा यात दोष नाही. ज्या घरात पावसाने दगा दिला की दुधाच्या पैशावरच किराणा येतो, त्या घराला दया शिकवायला जाणं हा उद्धटपणा आहे. पण पिशवी विकत घेऊन ‘गोमाता’ म्हणणाऱ्या आपण घरबसल्या मंडळींनी तरी हा हिशोब एकदा मांडायला हरकत नाही.

या सगळ्यात आपली परंपरा काय सांगते हे बघायला गेलं की एक गंमत लक्षात येते. दूध सोडण्याचे दिवस आपल्याच पंचांगात आहेत. आश्विन वद्य द्वादशीला वसुबारस असते. सवत्स धेनूची, म्हणजे वासरासकट गाईची पूजा होते आणि अनेक घरांत बायका त्या दिवशी दूध-दही-तूप खात नाहीत. ही द्वादशी दत्तसंप्रदायात कोणती? तीच गुरुद्वादशी, श्रीपाद श्रीवल्लभ कुरवपूरला गुप्त झाले ती तिथी. वासराचा वाटा वासराला सोडायचा आणि गुरूचं स्मरण करायचं, दोन्ही एकाच दिवशी. ऋषिपंचमी तर त्याहून कडक. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हाताने खणून लावलेल्या जागेतली भाजी खायची, हे व्रत आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर पाळलं. नातवाने इंग्रजी शब्द आणला म्हणून बावरायचं कारण नाही. त्याला ऋषिपंचमीची भाजी वाढावी आणि ती कशासाठी असते ते सांगावं.

गुरुचरित्रातल्या दोन भिक्षा इथे आठवतात. अठराव्या अध्यायात श्रीनृसिंहसरस्वती अमरापूरच्या गरीब ब्राह्मणाकडे भिक्षेला जातात. घरात धान्याचा कण नाही. दारातल्या वेलाच्या घेवड्याच्या शेंगा शिजवून वाढतात, महाराज त्या घेतात. पुढे वेल उपटला जातो, मुळाशी धनाचा कुंभ सापडतो, ती कथा सर्वांना पाठ आहे. दत्ताच्या नैवेद्याला घेवड्याच्या भाजीचा जो मान आहे तो तिथला. बाविसाव्या अध्यायात गाणगापूरच्या दरिद्री घरी महाराज दूध मागतात. घरात आहे ती म्हातारी वांझ म्हैस, ओझी वाहायला भाड्याने द्यायची. बाई संकोचते, महाराज म्हणतात पिळ, आणि दोन भांडी भरतात. हा गुरुकृपेचा चमत्कार आहे, त्याचा अर्थ तोच. तरी वाचताना एक गोष्ट माझ्या मनात राहते. गावात दुभत्या जनावरांच्या श्रीमंत घरांना काही तोटा नव्हता. महाराजांनी दूध घेतलं ते जिला कधी वासरूच झालं नव्हतं तिचं. त्या दुधावर दुसऱ्या कुणाचा हक्क नव्हता.

मात्र ओढूनताणून अर्थ लावू नये. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात मधमाशी आहे आणि मध काढून नेणाराही आहे. माशी साठवते, दुसराच घेऊन जातो. हा धडा संग्रहाचा आहे. त्यावरून ‘शास्त्रात मध वर्ज्य आहे’ असं कुणी सांगू लागलं तर ते खोटं होईल. पंचामृतात मध आहेच. पण भ्रमराचा धडा मात्र थेट लागू पडतो. भ्रमर फुलाफुलातून थोडं थोडं घेतो, फूल कोमेजत नाही. मधुकरी हा शब्दच तिथून आला. घेणाऱ्याने असं घ्यावं की देणाऱ्याचं मोडू नये. आपल्या कयाधूकाठी, नर्सीला, टेंबे स्वामींचा 1905 चा चातुर्मास झाला. संन्याशाची भिक्षा म्हणजे हेच माप. हे माप गोठ्याला लावलं की दोन सडांचा रिवाज निघतो. माझं मत विचाराल तर दूध हे पाप नाही, वासराला उपाशी ठेवून काढलेलं दूध हे पाप आहे. पिशवीतलं कोणतं, हे आपल्याला कळत नाही, म्हणून निदान उत्सवाचा नैवेद्य त्या शंकेबाहेर ठेवावा.

नर्सी म्हटल्यावर कुणी विचारील, नामदेवांनी देवाला दूध पाजलं त्याचं काय? ती कथा शिखांच्या गुरुग्रंथसाहिबातही नामदेवांच्या पदात आली आहे. पण त्या कथेत देव वश झाला तो बाळाच्या हट्टाने. वाटीत कण्या असत्या तर देव तोंड फिरवता, असं नर्सीतलं लहान पोरही म्हणणार नाही.

नातवंडांनाही एक सांगणं आहे. गांधीजींनी गाई-म्हशींवरच्या फुक्याच्या क्रौर्याबद्दल वाचलं आणि 1912 साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. पुढे मोठ्या आजारात, 1919 मध्ये मुंबईत, कस्तुरबांनी सुचवल्यावरून त्यांनी शेळीचं दूध घेतलं. व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, असं स्वतःला समजावलं. आणि आपण शब्द पाळला, आत्मा सोडला, हेही आत्मकथेत लिहून ठेवलं. ज्यांना व्रताची एवढी चाड होती, त्यांनी कस्तुरबांचा शब्द झिडकारला नाही. आजीच्या हातची वाटी परत करताना आवाज कसा असावा, हे नातवाने त्यांच्याकडून शिकावं. नमस्कार करून, ‘आजी, मला सुंठवडा दे’ म्हटलं की झालं. आणि आजीनेही ‘एक चमचा घे, काही होत नाही’ असा आग्रह धरू नये. जबरदस्तीने तोंडात गेलेला प्रसाद कसला!

आता स्वयंपाकघराकडे. लोकांना वाटतं, दुधावाचून गोड करायचं म्हणजे परदेशी बदामाच्या दुधाचे महागडे डबे आणायचे. काही गरज नाही. पुरणपोळीच्या पुरणात दूध नसतंच. वरून तुपाऐवजी गुळवणी घ्यावी. तिळाची पोळी, शेंगदाण्याची पोळी, उकडीचे मोदक, सगळं मुळातच बिनदुधाचं. भगर आणि शेंगदाण्याची आमटी फोडणीला तेल घातलं की तशीच. ताकाच्या कढीला पर्याय हवा तर येसर आमटी आहे.

आणि खीर? तिच्यासाठी गाणगापूरच्या वाटेवर बघावं. तिकडे उत्तर कर्नाटकात कुसुब्याच्या, म्हणजे आपल्या करडईच्या दुधात गव्हाची हुग्गी शिजवतात. करडईचं दूध! आपल्या भागात एके काळी रब्बीत करडई असायची. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर ‘परभणी कुसुम’ नावाचा वाणच काढला. पुढे शिवारात सोयाबीन आलं आणि करडई मागे पडली. (सोयाबीनचे प्रयोग गांधीजींनी 1935 मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत जेवणात करून पाहिले होते. आपण मात्र ते पिकवतो आणि सगळं बाजारात नेऊन घालतो.) करडई निवडून, धुऊन काही तास भिजत घालायची, पाणी घालत वाटायची, स्वच्छ फडक्यातून पिळायची. चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरं पातळ दूध काढायचं. सडलेले गहू रात्रभर भिजवून आधी मऊ शिजवून घ्यायचे, त्यात पातळ दूध, मग गूळ, शेवटी दाट दूध. आच मंद आणि ढवळणं सतत, नाहीतर फुटतं. वेलची, खसखस, खोबऱ्याचा कीस. रंग थोडा मळकट येतो, पण चवीला तेलबियांचा एक खमंगपणा असतो, तो म्हशीच्या दुधात नाही. करडई मिळाली नाही तर भिजवून साल काढलेल्या शेंगदाण्याचं दूध याच रीतीने निघतं, वाटीला तीन वाट्या पाणी.

पंगतीत भांडण नको असेल तर जुनीच रीत पुरते. गुळाच्या खिरीत दूध उकळलं की फाटतं, म्हणून आपल्या आया गव्हाची खीर नुसती गुळात शिजवायच्या आणि दूध पानावर वरून वाढायच्या. तशीच मोठ्या पातेल्यात खीर करावी, नैवेद्य तिचाच दाखवावा. दुधाची किटली वाढप्याच्या हाती वेगळी असावी, आणि त्याने प्रत्येक पानाशी थांबून आधी विचारावं.